डावा कोपरा

मोहिनीनं शितलचा हात धरलाच नाही. साखळी करायची वेळ आली तेव्हा तिनं शितलच्या टी-शर्टाची बाही फक्त दोन बोटांत पकडली. चढाई करणारी पोरगी आत आली, उजवीकडे झुकली आणि एकदम डावीकडे वळली. शितलनं घोट्यावर झेप टाकली. पाय हातात आलाही, पण मागून ओढून धरायला साखळी नव्हती. बाही सुटली. ती पोरगी शितलला मातीतून फरफटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेली आणि शिट्टी वाजली.

मैदानाच्या तारेबाहेर बेबीबाई उभी होती. आखाडा बाळापूरचा बाजार करून ती तांड्याकडे निघाली होती आणि लेकीला सोबत घेऊन जावं म्हणून शाळेपाशी थांबली होती. कबड्डीतलं तिला काही कळत नव्हतं. कोण बाद झालं, कुणाला गुण मिळाला, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण हात धरणं आणि बाही धरणं यातला फरक कळायला खेळ शिकावा लागत नाही. तिनं डोक्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तारेला धरून उभी राहिली.

शितल उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन बाजूला जाऊन उभी राहिली. हल्ली ती घरीही अशीच उभी राहायची.

खेळ शिकवणारे हनुमान सर तारेपाशी आले.

"शितलच्या आई ना तुमी?"

"व्हय."

"बरं झालं भेटलात. पोरीच्या हाताचं काहीतरी करा बाई. दिवाळीच्या आधी हिंगोलीला निवड हाय. डावा कोपरा असा धरणारी पोरगी माझ्याकडं दुसरी न्हाई. तिथं निवडली गेली तर नांदेडला खेळाच्या वसतिगृहात जाईल. राहणं, खाणं, शाळा, समदं तिथंच."

"मंग?"

सरांनी शिट्टी या हातातून त्या हातात घेतली. "पोरी हात धरून न्हाई राहिल्या तिचा. त्यांच्या आया शाळेत येऊन गेल्या. आमच्या लेकरांना लागल म्हणतात. मी सांगून पाहिलं."

बेबीबाईनं मान हलवली. सर परत गेले. जाताना त्यांनी शितलच्या डोक्यावर हलकी टपली मारली आणि तिला बाकावर बसायला सांगितलं. बाकावर ती एका टोकाला बसली. बाकीच्या पोरी दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं बसल्या होत्या.

मायलेकी तांड्याच्या वाटेला लागल्या. दोन्ही बाजूंना हळद कमरेएवढी झाली होती.

"कवापासून चाललंय हे?" बेबीबाईनं विचारलं.

"काय?"

"बाही."

"लई दिवस न्हाई झाले, याडी." शितल आईकडे न पाहता पुढे चालत राहिली. "पाण्याचा ग्लास पण येगळा ठिवला. पण ते बरंच हाय. मला रांगेत थांबावं लागत न्हाई."

घरी आल्यावर बेबीबाईनं लेकीचे हात उजेडात धरून पाहिले. चामखिळी तिनं आधीही पाहिल्या होत्या, पण दिसणं आणि निरखून पाहणं वेगळं. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर, मधल्या पेरावर एक मोठी होती, हरभऱ्याएवढी, वरून खरखरीत. डाव्या हाताच्या बोटांवर बारक्या बारक्या, नखांच्या कडेनं दाटलेल्या. शितलला नखं कुरतडायची सवय होती. गेल्या वर्षी एक आली होती. मग दुसरी. मग कुणी मोजल्या नाहीत.

शितलचा बाप वसराम दारात बसून बैलाची वेसण विणत होता. त्यानं एकदा मान वर केली.

"जातेत त्या आपोआप," तो म्हणाला. "मला बी व्हत्या लहानपणी."

"कवा गेल्या?"

"गेल्या कवातरी."

बेबीबाईला कवातरी चालणार नव्हतं. दिवाळी झाली की तांड्यातली बहुतेक घरं कुलूप लावून ऊसतोडीला जात. वसराम आणि ती, मजुरीच्या हिशेबात दोघांचा मिळून एक कोयता. गेल्या सालापर्यंत सासू होती, शितल तिच्यापाशी राहून शाळेत जायची. होळीनंतर सासू गेली. आता रिकाम्या तांड्यात नववीतल्या पोरीला एकटं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? एक तर नांदेडचं वसतिगृह, नाही तर उसाचा फड. तिसरी वाट बेबीबाईनं पुष्कळ शोधली होती. ती स्वतः याच वयाची असताना पहिल्यांदा फडात गेली होती. त्या वर्षानंतर तिनं शाळेची पायरी पाहिली ती एकदम शितलचं नाव घालायलाच.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दारात रांग मोठी होती, तरी त्यांनी शितलचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट केले आणि अंगठ्यानं एकेक चामखीळ चाचपून पाहिली. बेबीबाई त्यांच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"विषाणूमुळं होतात या," बाई म्हणाल्या. "घाण नाही, कुणाची नजर नाही. या वयात खूप मुलांना होतात. रोज संध्याकाळी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. वरची मेलेली कातडी हळूच घासायची. मग हे औषध, फक्त चामखिळीवर. बाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावायचं, म्हणजे ती भाजणार नाही. टॉवेल वेगळा ठेवायचा. आणि नखं कुरतडायची नाहीत, त्यानंच पसरल्यात या."

शितलनं बोटं मुठीत घेतली.

"किती दिसात जातील?" बेबीबाईनं विचारलं.

"दोन-तीन महिने धरा. जास्तही लागतील. कधी कधी काही न करताही जातात, वर्षा-दोन वर्षांत."

"दिवाळीच्या आधी न्हाई?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दिवाळीच्या आधी काय आहे?"

बेबीबाईनं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "पट्टी लावून खेळू द्या तिला. झाकलेल्या असल्या तर इतरांना लागायची भीती फारशी नाही. शितल, मुलींना सांग, मी सांगितलंय म्हणून." मग त्या बेबीबाईकडे वळल्या. "गोठवून काढायची सोय मोठ्या दवाखान्यात असते, पण तेही एका फेरीत होत नाही. घाई करू नका. कापायचं नाही, केस बांधून आवळायचं नाही. चुना नको, रुईचा चीक नको आणि बिब्बा तर अजिबात नको. ऐकलंत ना?"

"व्हय," बेबीबाई म्हणाली.

आणि तिनं ऐकलंही. रोज दिवेलागणीला ती पातेलीत पाणी कोमट करायची. शितल हात बुडवून बसायची आणि दुसऱ्या दिवशीचा धडा तोंडानं म्हणायची. पाणी निवलं की बेबीबाई पोरीची बोटं एकेक करून पुसायची, काडीच्या टोकानं औषध लावायची. चामखिळी पांढऱ्या पडल्या, त्यांचे पापुद्रे निघू लागले. मोठी थोडी बसल्यासारखी वाटली. बेबीबाई रोज त्यांच्यावरून आपलं बोट फिरवून पाहायची.

मैदानावर मात्र पट्टीनं काम बिघडवलं. आधी चार पोरींना ठाऊक होतं, पांढरी पट्टी दिसू लागल्यावर साऱ्या शाळेला झालं. शितलनं डॉक्टरीणबाईचं बोलणं सांगितलं, सरांनीही सांगितलं. मोहिनी म्हणाली, मी धरीन, पण माझी आई मारते.

दसरा झाला. निवड जवळ येऊ लागली. पापुद्रे निघत होते, खाली पुन्हा तेच होतं.

शेजारची केशरबाई एका दुपारी सुपात तूर घेऊन निवडायला येऊन बसली. तिनं शितलचे हात पाहिले आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

"काहून लेकराला इतके दिस छळून राहिलीस? बिब्बा लाव की. माझ्या नणंदेची एका दमात गेली. खपली धरली, गळून पडली, खाली कवळी कातडी."

"डॉक्टरीणबाई नको म्हणल्या."

"त्या तसंच म्हणत्यात. आपल्या आज्यापणज्यांनी काय दवाखाने पाहिले व्हते?"

केशरबाई तूर निवडून गेली. बेबीबाई बसून राहिली. मग ती उठली, उतरंडीतला डबा काढला. बाळंतिणीसाठी, पायाच्या भेगांसाठी ठेवलेले चार बिब्बे त्यात होते. तिनं एक निवडला.

शितल शाळेतून आली तेव्हा चुलीत निखारे होते आणि आईच्या हातात दाभण. तिला सांगावं लागलं नाही.

"याडी, बाई नको म्हणल्या व्हत्या."

"एकच लावू. मोठ्या चामखिळीला. ती गेली तर बाकीच्या पट्टीखाली दडतील."

"जाईल का?"

बेबीबाईनं चुलीकडे पाहिलं. "जाईल."

शितलनं उजवा हात पुढे केला. तिनं डोळे मिटले नाहीत, तोंड फिरवलं नाही. आईनं दाभणाला टोचलेला बिब्बा निखाऱ्यावर धरला, काळं तेल फुटून आलं, चुर्र वाजलं. बेबीबाईनं ते चामखिळीवर टेकवलं. शितलनं ओठ दाताखाली घेतला. हात हलवला नाही. हात हलला असता तर तेल सांडलं असतं, हे तिला ठाऊक होतं. बेबीबाईचा हातच थोडा हलला. थेंब चामखिळीवरून घरंगळून पेराच्या सांध्यात उतरला आणि तिनं पदरानं पुसला तेव्हा तो आणखी पसरला.

सकाळी बोट सुजलं होतं. दुसऱ्या दिवशी फोड आले, पाणी भरलेले, बोटाच्या मुळापर्यंत. मग तळव्याला खाज, मग ताप. वसरामनं शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणली, मधे पोरीला बसवलं, मागे बायकोला, आणि दवाखाना गाठला.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कापड सोडलं आणि बोट उजेडाकडे वळवलं.

"काय लावलं होतं?"

बेबीबाईनं तोंड उघडलं.

"चुलीवर भाजलं," शितल म्हणाली. "भाकर काढताना."

"भाकर काढताना असं भाजत नाही."

"माझ्याच चुकीनं झालं," शितल म्हणाली. "मी शाळेतून दमून आले व्हते."

डॉक्टरीणबाईंनी बेबीबाईकडे पाहिलं. बेबीबाई फरशीकडे पाहत होती. बाईंनी पुढे विचारलं नाही. जखम धुतली, मलम लावलं, बोट ताठ धरून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. "सांध्यावर आहे," त्या हळू म्हणाल्या. "बरं झाल्यावर रोज वाकवत जा. दुखलं तरी वाकवायचं."

हिंगोलीला निवडीच्या दिवशी बेबीबाईही गेली. सरांनीच म्हटलं होतं, या, पोरीला बळ येईल. मैदानावर दुसऱ्या तालुक्यांच्याही पोरी होत्या, रंगीत कपड्यांत, केस घट्ट बांधलेल्या. शितलनं बूट घातले, डाव्या हातानं ओढून नाड्या बांधल्या आणि रांगेत उभी राहिली. पंचांपैकी एकानं तिचा उजवा हात पाहिला. त्यानं सरांना बाजूला बोलावलं. सर काहीतरी सांगत होते, हातानं दाखवत होते, पट्टीवर पट्टी अशी खूण करत होते. पंच वाईट माणूस नव्हता. त्यानं मान हलवली ती हळूच हलवली. उघडी जखम घेऊन मैदानात उतरता येत नाही. दुसऱ्या कुणाला रक्त लागलं, हिचंच बोट पुन्हा फाटलं, तर जबाबदार कोण?

सर शितलपाशी आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि बोलले. बेबीबाईला लांबून ऐकू आलं नाही. शितलनं एकदा मान डोलावली आणि बूट काढायला लागली.

मोहिनीची आई सिंधूबाई जवळच बसली होती. शाळेत येऊन गेलेल्या आयांमधली ती एक होती, हे बेबीबाईला ठाऊक होतं. सिंधूबाईनं पिशवीतून केळी काढली.

"लई भाजलं का हो लेकराला?"

"व्हय."

"डावा कोपरा तीच धरत व्हती. आमची मोहिनी बी म्हणून राहिली, शितलशिवाय जमणार न्हाई." तिचा आवाज खरा होता. शितल आली तशी तिनं दोन केळी पुढे केली आणि पोरीनं हात पुढे करायच्या आत ती बाकावर ठेवली. "खा बाई. उन्हात आलीस."

मोहिनी निवडली गेली.

दिवाळीनंतर ट्रक आला. भांडी, गोधड्या, पिठाचं पोतं, दोन कोयते, सगळं चढलं. शितलनं दप्तर घेतलं होतं. वाटेत पुस्तकं पिठाच्या पोत्याखाली गेली आणि तिनं ती काढली नाहीत.

फड दूर होता, दक्षिणेकडे, जिथं लोक मराठी बोलतात तीही वेगळ्या सुरात. खोप्या एका ओळीत, शेजारी ओढा. वसराम तोडायचा, बेबीबाई उसाचं पाचट सोलायची, शितल मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून वाहायची. दोन-तीन दिवसांत तिला गती आली. टोळीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी चपळ हाय, पाय कसे टाकते बघा.

उजव्या हाताचं बोट भरून आलं. कातडी गुलाबी, ताणलेली, चकचकीत. सांध्यात ते अर्धंच वाकायचं. पहिल्या महिन्यात शितल रोज वाकवून पाहायची. मग मोळीची गाठ बाकीच्या बोटांनी मारायला ती शिकली आणि त्या बोटाला तिनं सोडून दिलं.

पाचट हात कापतं म्हणून सगळ्याच बायका बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. बाकीच्या संध्याकाळी सोडायच्या. शितल डाव्या हाताच्या सोडायची नाही. आंघोळही तशीच उरकायची. चामखिळी घासल्या की रक्त येतं, म्हणायची. बेबीबाईनं औषधाची बाटली आणली होती, अर्धी उरलेली. एकदा दोनदा ती घेऊन लेकीजवळ गेली.

"ठिव तिथं. मी लावते," शितल म्हणायची.

बाटलीतलं औषध कमी होत नव्हतं. बेबीबाईच्या ते ध्यानात आलं होतं. पण पोरगी थकत असेल, असं तिनं धरून घेतलं. स्वतः हात लावायची तिची छाती होत नव्हती.

संक्रांत झाली. एका दुपारी मोळी उचलताना शितल थबकली आणि हात झटकू लागली. उसाच्या पात्यावरची काट्यासारखी कूस चिंधीतून आत शिरली होती, डाव्या हाताच्या मधल्या बोटात. तिनं दातानं ओढायचा प्रयत्न केला. कूस मोडली आणि अर्धी आत राहिली.

"बघू इकडं," बेबीबाई म्हणाली.

"राहू दे, याडी. मी काढते."

"एका हातानं कशी काढशील? पिकलं म्हणजे?"

तिनं लेकीला बांधावर बसवलं आणि बांगडीत अडकवलेली पिन काढली. शितलनं हात मागे घेतला. बेबीबाईनं मनगट धरलं. तिला जोर लावावा लागला नाही. पोरीनंच मग हात सैल सोडला आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. तिथं ट्रक भरत होते.

चिंध्या मळानं कडक झाल्या होत्या. बेबीबाईनं पहिली सोडली, दुसरी सोडली. मग तिचा हात थांबला.

बोटं स्वच्छ होती. नखांच्या कडेला काही नव्हतं. पेरांवर काही नव्हतं. डागसुद्धा नव्हता. मनगट उन्हानं काळं पडलेलं आणि चिंध्यांखालची बोटं कोवळी, फिकट, लहान लेकराची असावीत तशी. नखं वाढलेली होती, सरळ कापलेली. त्यांवर दाताची खूण नव्हती. हे काल-परवाचं नव्हतं. ही बोटं किती आठवड्यांपासून अशी होती, कुणास ठाऊक. बिब्बा तर यांना लागलाच नव्हता. बेबीबाईनं उगाच एक बोट उलटून पाहिलं, मग दुसरं. तिच्या मांडीवर शितलचा उजवा हातही पडला होता, ते एक बोट अर्धं ताठ ठेवून.

ट्रकवरून कुणीतरी मोळीसाठी हाक मारली.

"हायेत अजून," शितल म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती. "बारक्या हायेत. तुला दिसायच्या न्हाईत."

बेबीबाईनं पिन कातडीत घातली. कूस वर आली तशी नखानं धरून ओढली. रक्ताचा एक थेंब आला. तो तिनं पदरानं टिपला. मग तिनं चिंध्या उचलल्या, झटकल्या, आणि एकेक बोट धरून पुन्हा गुंडाळायला लागली.

"व्हय," ती म्हणाली. "हायेत अजून."